तेओतितलान: लोकर परकी, रंग घरचा

मेक्सिकोतल्या ओआहाका शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी तेओतितलान देल वाये नावाचं छोटंसं गाव आहे. सापोतेक या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या विणकरांचं हे गाव. घरोघरी माग आणि अंगणात वाळत घातलेल्या रंगीत लोकरीच्या लडी! बाहेरून जे जे आलं, ते या गावानं आपल्या रंगात बुडवून काढलं. कसं, ते बघा!

मेंढी पाहुणी, नक्षी घरची: स्पॅनिश लोक येण्याआधी इथे मेंढ्याच नव्हत्या. विणायचे ते सूत, कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर. सोळाव्या शतकात मेंढ्या आल्या, पायानं चालवायचा माग आला. गालिच्यांवर मात्र जवळच्या मितलातल्या प्राचीन दगडी भिंतींवरची पायऱ्यापायऱ्यांची नक्षी उमटली.

लाखमोलाचा किडा: फड्या निवडुंगावर कोचिनील नावाचा इवलासा किडा पोसला जातो. त्याची वाळलेली मादी दिसते राखाडी दाण्यासारखी, पण पाट्यावर वाटली की गर्द लाल! ती पूड तळहातावर घेऊन लिंबू पिळा, रंग शेंदरी. खाण्याचा सोडा टाका, जांभळा. वसाहतकाळात मेक्सिकोतून युरोपला जाणाऱ्या मालात चांदीखालोखाल मोल होतं ते याच किड्याला.

चर्चच्या भिंतीत मंदिर: गावातलं चर्च जुन्या सापोतेक मंदिराच्या जागी उभं आहे. त्याच्या भिंतींत मंदिराचे कोरीव दगड आजही दिसतात.

तीन वर्षांचा वसा: उत्सवातल्या पिसांच्या नाचासाठी नर्तक तब्बल तीन वर्षांचा वसा घेतात. डोक्यावर पिसांचा भलाथोरला मुकुट, आणि नाचातून उलगडते ती अझ्टेक सम्राट मोक्तेसुमा आणि स्पॅनिश सेनानी कोर्तेस यांची कथा.

आहेर वजनावर: लग्नघरी शेजारीपाजारी टर्की, मका, कोको पोचवतात. कुणी किती वजनाचं दिलं ते वहीत टिपलं जातं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढंच परत जातं. या देवघेवीला म्हणतात गेलागेत्सा.

सुरांची भाषा: सापोतेक आजही घराघरात बोलली जाते. सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो!

आणि आपला झेंडू: इथल्या लोकरीला पिवळा रंग देणारं पेरिकोन हे झेंडूच्याच कुळातलं. झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. तिथे तो पितरांच्या वाटेवर पसरतात, आपण दसऱ्याला दाराला बांधतो. परकं आपलंसं करणं आपल्यालाही जमतंच की!