इमारतच जेव्हा दालन होते

पर्यावरणपूरक बांधकामावरची प्रदर्शने बहुतेकदा कंटाळवाणी होतात. भिंतीवर फलक, फलकांवर आकडे आणि पुढे सरकणारी माणसे. यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या 'कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस'ने चांगला तोडगा काढला. रेंझो पियानो यांनी रचना केलेली ही वास्तू २००८ मध्ये खुली झाली आणि तिथे इमारत हाच एक प्रदर्शनीय नमुना आहे.

प्रेक्षक थेट छतावर जातात. सुमारे अडीच एकरांच्या, टेकड्यांसारख्या फुगलेल्या या छपरावर स्थानिक वनस्पती वाढतात. त्या लावल्या त्या तबकांत नारळाचा काथ्या होता (कोकणातल्या वाचकाला हे ऐकून बरे वाटेल!). मातीच्या थरामुळे आतला उकाडा कमी होतो आणि पावसाचे पाणी गटारात धावण्याऐवजी मुरते. टेकड्यांवरच्या गोल झडपा आपोआप उघडून गरम हवा बाहेर सोडतात. भिंतींत उष्णतारोधक म्हणून जुन्या जीन्सचे कापड भरले आहे. कडेच्या काचेच्या छज्जात सौर घट आहेत. पण त्यांची वीज एकूण गरजेचा लहानसा हिस्साच भागवते आणि हेही प्रेक्षकाला सांगायला हवे.

दालन आखणाऱ्यांनी आधी स्वतःचे फलक तपासावेत. काटकसरीचा धडा देणारे प्रदर्शन संपल्यावर प्लायवुड आणि फ्लेक्स कचऱ्यात जाणार असेल, तर ते न भरवलेलेच बरे.