चंद्र लाल का होतो, आणि मावशीने का जेवावे?

७ सप्टेंबर २०२५ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण झाले. रात्री अकरापासून ८२ मिनिटे चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या सावलीत होता. अशा रात्री मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. चंद्र कुठे गेला? तो लाल का झाला? आणि पोटुशी मावशी आज जेवत का नाही? पहिल्या दोन प्रश्नांची नीट उत्तरे दिली की तिसरा आपोआप सुटतो.

खोलीतला दिवा मालवा. टॉर्च म्हणजे सूर्य, मुलाचे डोके म्हणजे पृथ्वी, त्याच्या हातातला चेंडू म्हणजे चंद्र. टॉर्च मुलाच्या पाठीमागून धरा आणि चेंडू डोक्याच्या सावलीत आणायला सांगा. झाले ग्रहण! चंद्राला कोणी गिळत नाही, आपलीच सावली त्याच्यावर पडते. दर पौर्णिमेला असे होत नाही, कारण चंद्राची कक्षा सुमारे ५ अंश कललेली आहे. बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो.

मग सावलीतला चंद्र काळा का नाही? कारण पृथ्वीभोवती हवा आहे. जुहूच्या किनाऱ्यावर मावळतीचा सूर्य तांबडा दिसतो, कारण हवेच्या जाड थरातून येताना निळा प्रकाश विखुरतो आणि तांबडा पुढे येतो. तोच तांबडा प्रकाश हवेतून किंचित वळून सावलीत शिरतो आणि चंद्रावर पडतो. म्हणजे त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत वा मावळत असतो, तिथली लाली चंद्रावर उमटते. ग्लासभर पाण्यात दुधाचे काही थेंब टाका आणि पलीकडून टॉर्च लावा. प्रकाश पिवळसर-तांबूस दिसेल.

आता मावशी. गर्भवतीने ग्रहणात चिरले-कापले तर बाळाचा ओठ फाटतो, असा समज आहे. प्रत्यक्षात बाळाचा ओठ गर्भधारणेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू नवव्या आठवड्यापर्यंत. अनेकींना तेव्हा दिवस गेल्याचेही नुकतेच कळलेले असते. आनुवंशिकता, तंबाखू, काही औषधे, आधीपासूनचा मधुमेह यांचा या दोषाशी संबंध आहे. सुरी आणि सावलीचा नाही. तरीही 'ग्रहणात काय केलेस?' हा प्रश्न आईलाच विचारला जातो. त्याऐवजी बाळाला शस्त्रक्रियेसाठी लवकर दाखवा.

वेधांपासून मोक्षापर्यंत बारा तासांहून अधिक काळ होतो. गर्भवतीने इतका वेळ उपाशी, तहानलेले राहू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेऊन न जेवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पंचांगातही आजारी, वृद्ध, बालके आणि गर्भवती यांना वेधांत सवलत असते.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री, साधारण पावणेदहा ते अकरा, आपल्याकडे पुन्हा खग्रास चंद्रग्रहण आहे. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहणे सुरक्षित असते. सगळ्यांनी जेवून घ्या आणि मुलांना घेऊन गच्चीवर जा. घरात कोणी गर्भवती असेल, तर तिलाही सोबत न्या.