ई-रिक्षा चढावर दम का टाकते? – विभवांतरातली घट आणि स्विचची झीज

ई-रिक्षात बसला असाल तर एक गोष्ट पाहिली असेल. चढ लागला की मीटरवरच्या कांड्या पटकन खाली येतात आणि गाडी सपाटीवर आली की परत वर जातात. मग मधल्या मध्ये बॅटरी रिकामी होऊन पुन्हा भरली का? नाही! आपण शिकलेला ओहमचा नियमच इथे काम करतो.

विभवांतर = विद्युतधारा × रोध

बऱ्याच ई-रिक्षांत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकसर जोडणीत असतात, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट. चढावर मोटर समजा ४० अँपिअर धारा ओढते. बॅटरीला स्वतःचा थोडा रोध असतो, तसाच वायर, जोड आणि स्विच यांनाही असतो. त्या प्रत्येकात थोडे थोडे व्होल्ट खर्च होतात आणि उरलेलेच मोटरला मिळतात.

आता हिशोब करू. ६ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर, जाऊन-येऊन लांबी ६ मीटर. तिचा रोध सुमारे ०.०१७ ओहम. ४० अँपिअरला घट झाली फक्त ०.७ व्होल्ट. ठीक आहे. पण एखादा थिंबल सैल झाला आणि तिथे ०.०५ ओहम रोध आला तर?

घट = ४० × ०.०५ = २ व्होल्ट
उष्णता = ४० × ४० × ०.०५ = ८० वॅट

रेडिओ दुरुस्तीचा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. म्हणजे तीन आयर्नची उष्णता एका जोडावर! प्लॅस्टिक वितळणारच.

स्विच का झिजतो?

स्विच बंद करताना त्याचे दोन पॉइंट दूर जातात, पण मोटरच्या गुंडाळीतली धारा लगेच थांबायला तयार नसते. ती हवेतून उडी मारते, तीच ठिणगी. घरातली प्रत्यावर्ती धारा सेकंदाला १०० वेळा शून्य होते, त्यामुळे ठिणगी लवकर विझते. बॅटरीची दिष्ट धारा अशी शून्यावर येत नाही, म्हणून ठिणगी लांबते. पॉइंटवर खड्डे पडतात, काजळी धरते. रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने स्प्रिंग ढिली पडते, आणि स्प्रिंग ढिली म्हणजे रोध आणखी जास्त. हे चक्र थांबत नाही.

म्हणून ‘२५० व्होल्ट एसी’ लिहिलेला घरातला स्विच अशा गाडीला लावू नये. चांगल्या जोडणीत चावीच्या स्विचमधून थोडीच धारा जाते. ती कॉन्टॅक्टर चालवते आणि मोठा भार कॉन्टॅक्टर उचलतो.

दोष कसा शोधायचा?

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून, गाडीवर भार असताना, स्विचच्या दोन टोकांवर लावायचा. शून्याच्या जवळ आकडा आला तर स्विच चांगला. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तो बदलायचा. प्रत्येक जोड असाच तपासता येतो. गाडी उभी असताना मात्र हे कळत नाही, कारण धारा नाही तर घटही नाही! (हे काम मेकॅनिकसोबतच करा.)

हे का महत्त्वाचं? “बॅटऱ्या गेल्या” म्हणून रिक्षावाले काका हजारो रुपयांचा नवा सेट घेतात, आणि दोष कधी कधी एका सैल नटाचा असतो. आधी मोजायचं, मग बदलायचं.

विचार करा : त्याच जोडातून ४० ऐवजी २० अँपिअर धारा गेली, तर घट किती पट कमी होईल? आणि उष्णता?