विश्लेषण : मिठात खरेच ‘सायनाइड’ असते का? पुड्यावरची रसायनांची नावे वाचायची कशी?

‘तुमच्या घरातल्या मिठात सायनाइड आहे, पुडा उलटा करून बघा,’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. पुडा उलटा केला तर काही ब्रँडच्या मिठावर ‘पोटॅशियम फेरोसायनाइड’ हे नाव किंवा नुसता ‘५३६’ हा त्याचा क्रमांक खरोखरच सापडतो. मेसेज लिहिणाऱ्याने नाव बरोबर वाचलेले असते, पण अर्धेच. त्याच पुड्यावर ‘पोटॅशियम आयोडेट’ असेही छापलेले असते. ते आयोडाइड नाही, आयोडेट आहे. शेवटच्या अक्षरांचा हा फरक छपाईतला नाही, पदार्थातला आहे.

आठवी-नववीच्या विज्ञानात ‘आयन’, ‘मूलके’, ‘संयुजा’ हे शब्द येतात, परीक्षेपुरते पाठ होतात आणि दहावीनंतर विसरले जातात. पण गोळ्यांची स्ट्रिप, ओआरएसचे पाकीट, खताची गोणी, विहिरीत टाकायची टीसीएल पावडर या सगळ्यांवर तीच भाषा असते. ती वाचायला सगळे रसायनशास्त्र यावे लागत नाही, मोजके नियम पुरतात.

आयन म्हणजे नेमके काय?

अणूमध्ये धन आणि ऋण प्रभार सारखे असतात. अणूने इलेक्ट्रॉन दिला की तो धनप्रभारित होतो, घेतला की ऋणप्रभारित. अशा प्रभारित कणाला आयन म्हणतात. हा शब्द मायकेल फॅरेडेने १८३४ मध्ये वापरात आणला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाणारा’. द्रावणातून वीज सोडली की हे कण एका किंवा दुसऱ्या टोकाकडे जातात, म्हणून जाणारा.

सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरिन एक घेतो. दोघे एकमेकांना धरून बसले की मीठ तयार होते. अशा संयुगाला आयनिक संयुग म्हणतात.

नाव कसे तयार होते?

आधी धन आयन, मग ऋण आयन. धन आयन बहुधा धातूचा असतो आणि त्याचे नाव जसेच्या तसे राहते. ऋण आयन एकाच मूलद्रव्याचा असेल तर त्याच्या नावाची शेपूट बदलून ‘आइड’ होते. क्लोरिनचे क्लोराइड, ऑक्सिजनचे ऑक्साइड, सल्फरचे सल्फाइड, नायट्रोजनचे नायट्राइड. म्हणून मीठ सोडियम क्लोराइड.

आता कॅल्शियम क्लोराइड घ्या. त्यात एका कॅल्शियममागे दोन क्लोराइड असतात, तरी नावात ‘डाय’ येत नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये मात्र येतो. कार्बन आणि ऑक्सिजनची जोडी एकाहून अधिक प्रमाणांत जमते, त्यामुळे आकडा सांगावा लागतो. आयनिक संयुगात आकडा हिशोबानेच निघतो. कॅल्शियमवर दोन धन प्रभार, क्लोराइडवर एक ऋण. एकूण हिशोब शून्यावर यायला हवा, म्हणून क्लोराइड दोन. अ‍ॅल्युमिनियमवर तीन आणि ऑक्साइडवर दोन, म्हणून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमध्ये दोनास तीन हे प्रमाण.

शाळेत यासाठी तिरकस गुणाकार शिकवतात. उत्तर पटकन येते, पण कारण झाकले जाते. कॅल्शियम ऑक्साइडमध्ये दोन्हीकडे दोन असल्याने तिरकस गुणाकार ‘दोनास दोन’ दाखवतो आणि कित्येक जण तेच लिहून येतात. बरोबर उत्तर एकास एक. ‘शून्यावर आणा’ एवढे लक्षात ठेवले तर ही चूक होतच नाही.

ओआरएसच्या पाकिटावर ‘ट्रायसोडियम सायट्रेट’ असते, मग तिथे ‘ट्राय’ कसा? सायट्रिक आम्ल एक, दोन किंवा तीन सोडियम घेऊ शकते. कोणता क्षार हे नेमके कळावे म्हणून आकडा लावला आहे.

गोळीवरचे ‘फेरस’ म्हणजे काय?

काही धातूंचा प्रभार एकच ठरलेला नसतो. लोह दोन इलेक्ट्रॉन देते किंवा तीन. नुसते ‘आयर्न क्लोराइड’ म्हटले तर कोणते ते कळणार नाही. जुन्या पद्धतीत कमी प्रभाराला ‘अस’ आणि जास्त प्रभाराला ‘इक’ असा शेवट देतात आणि धातूचे लॅटिन नाव घेतात. म्हणून फेरस दोनचा, फेरिक तीनचा. तांब्याचे क्युप्रस आणि क्युप्रिक. टूथपेस्टवरचे ‘स्टॅनस फ्लोराइड’ म्हणजे कथलाचा क्षार.

या पद्धतीची खोट अशी, की ‘अस’ म्हणजे कमी एवढेच कळते, किती ते कळत नाही. फेरस दोनचा, तर क्युप्रस एकचा. पाठांतराला पर्याय नाही. यावर जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये तोडगा सुचवला. धातूच्या नावापुढे कंसात रोमन आकडा लिहायचा आणि तोच प्रभार समजायचा. आज पुस्तकांत हीच पद्धत असते, पण औषधांच्या दुकानात अजून फेरस-फेरिकच चालते. त्यामुळे दोन्ही माहीत हवे.

हा फरक शरीरालाही कळतो. फेरस रूपातले लोह आतड्यातून फेरिकपेक्षा सहज शोषले जाते. क जीवनसत्त्व फेरिकचे फेरस करायला मदत करते. लोहाच्या गोळीबरोबर लिंबूपाणी घ्यायला सांगतात ते यासाठी. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी किंवा गरोदर महिलांना मिळणारी लाल गोळी यांवरचा ६० मिलिग्रॅम हा आकडा निव्वळ लोहाचा असतो, संपूर्ण क्षाराचा नव्हे. आपल्याकडे ज्याला हिराकस म्हणतात ते फेरस सल्फेट सात रेणू पाणी धरून बसते. त्यात लोह वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे असते. म्हणजे ६० मिलिग्रॅम लोहासाठी असा क्षार सुमारे ३०० मिलिग्रॅम लागतो. दोन कंपन्यांच्या गोळ्यांची तुलना करताना क्षाराचे वजन न बघता ‘एलिमेंटल आयर्न’चा आकडा बघायचा, तो यामुळे.

आइड, आइट, एट : एका अक्षराने काय बिघडते?

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. ‘आइट’ आणि ‘एट’ म्हणजे मूलद्रव्याबरोबर ऑक्सिजनही आहे. ‘एट’मध्ये तो जास्त, ‘आइट’मध्ये कमी. सल्फेटमध्ये चार ऑक्सिजन, सल्फाइटमध्ये तीन. नायट्रेटमध्ये तीन, नायट्राइटमध्ये दोन. प्रभार मात्र जोडीत सारखाच राहतो : सल्फेट आणि सल्फाइट दोघांवर दोन, नायट्रेट आणि नायट्राइट दोघांवर एक. ही व्यवस्था १७८७ मध्ये पॅरिसला लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी मांडली. ऑक्सिजन नेमका किती, हे या शेपटीतून कळत नाही. ते पाठच करावे लागते.

क्लोरिनची तर चार भावंडे आहेत. एक ऑक्सिजन म्हणजे हायपोक्लोराइट, दोन म्हणजे क्लोराइट, तीन म्हणजे क्लोरेट, चार म्हणजे परक्लोरेट. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या ब्लीचिंग पावडरमध्ये जंतू मारण्याचे काम हायपोक्लोराइट करते. तिचे जुने इंग्रजी नाव मात्र ‘क्लोराइड ऑफ लाइम’. खरे कॅल्शियम क्लोराइड विहिरीत टाकले तर एकही जंतू मरणार नाही.

मराठीत वाचणाऱ्यांनी इथे अधिक सांभाळायला हवे. सल्फाइट आणि सल्फाइड, क्लोराइट आणि क्लोराइड यांत फक्त ‘ट’ आणि ‘ड’चा फरक आहे. बारीक छपाईत तो सहज निसटतो.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. शरीरात जिवाणू नायट्रेटचा एक ऑक्सिजन काढून त्याचे नायट्राइट करतात आणि खरा त्रास तिथून सुरू होतो. नायट्राइटमुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनमधले लोह फेरसचे फेरिक होते. असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही. तान्ही बाळे यामुळे निळी पडू शकतात.

बेरियमची गोष्ट आणखी गंभीर आहे. पोटाच्या एक्स-रेआधी पाजतात ते बेरियम सल्फेट. बेरियमचे आयन विषारी असतात, पण सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे आयन सुटे होत नाहीत आणि सगळे तसेच बाहेर पडते. बेरियम कार्बोनेट पोटातल्या आम्लात विरघळते. बेरियम सल्फाइडही विषारीच. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये एक्स-रेसाठी पाजायच्या द्रवात सल्फेटबरोबर कार्बोनेट राहून गेले आणि रुग्ण दगावले. नावाचा पहिला शब्द तोच होता, दुसरा वेगळा.

मिठात मात्र ‘एट’च बरे. आयोडाइड दमट हवेत हळूहळू आयोडिन होऊन उडून जाते. आयोडेटमध्ये आयोडिनला तीन ऑक्सिजन जोडलेले असतात आणि ते आपल्यासारख्या उष्ण, दमट हवामानात जास्त टिकते. म्हणून भारतात मिठात आयोडेट घालतात, तर अमेरिकेत बहुतांशी आयोडाइड चालते.

मग मिठातल्या ‘सायनाइड’चे काय?

‘आइड’ म्हणजे एकच मूलद्रव्य, या नियमाला ठळक अपवाद दोन. हायड्रॉक्साइडमध्ये ऑक्सिजन आणि हायड्रोजन असतात, सायनाइडमध्ये कार्बन आणि नायट्रोजन. असे अनेक अणू मिळून एकच आयन झाला की त्याला तुकड्यांत वाचायचे नाही. नायट्रेट, सल्फेट, अमोनियम हे सगळे असेच. पाठ्यपुस्तकात यांना संयुक्त मूलके म्हणतात.

फेरोसायनाइड हाही एक अखंड आयन आहे. मध्ये फेरस लोह, त्यावर दोन धन प्रभार. भोवती सहा सायनाइड, प्रत्येकावर एक ऋण. हिशोब केला तर चार ऋण उरतात, म्हणून त्याला चार पोटॅशियम लागतात. ही सहा सायनाइड लोहाला इतकी घट्ट धरलेली असतात, की पचनसंस्थेत ती सहजासहजी सुटत नाहीत. सोडियम सायनाइडमध्ये सायनाइड आयन मोकळा होतो, म्हणून ते जीवघेणे. फेरोसायनाइडचे मिठातले काम खडे होऊ न देण्याचे. ते किलोला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम घालायची परवानगी आहे. आधुनिक पद्धतीत याच आयनाला ‘हेक्झासायनिडोफेरेट’ म्हणतात. पुड्यावर हे नाव असते तर मेसेज कदाचित फिरलाच नसता.

जुन्या नावांचे काय करायचे?

मोरचूद, तुरटी, नवसागर, सोरा, टाकणखार ही नावे सुंदर आहेत आणि ती जाऊ नयेत. पण मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट हे नावावरून कळत नाही, माहीत असावे लागते. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांचेही तसेच. पहिला सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे नव्या नावाने सोडियम हायड्रोजन कार्बोनेट. दुसरा सोडियम कार्बोनेट. कार्बोनेटवर प्रभार दोन, म्हणून सोडियम दोन. हायड्रोजनने त्यातला एक भरून काढला, म्हणून खाण्याच्या सोड्यात सोडियम एकच. नवे नाव हा हिशोब उघड सांगते. ‘बाय’ उगाच दोनाचा भास करून देते.

खताच्या गोणीवर तर इतिहासातली एक चूकच छापलेली आहे. ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यात ऑक्सिजन नाही, तरी शेवट ‘एट’. अठराव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना मीठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन आहे असे वाटत होते. क्लोरिन हे स्वतंत्र मूलद्रव्य असल्याचे हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये दाखवले, पण गोणीवरचे नाव राहिले. द्राक्षासारख्या क्लोराइड न सोसणाऱ्या पिकाला ‘सल्फेट ऑफ पोटॅश’ देतात. पालाश दोन्हींत आहे, फरक ऋण आयनाचा.

ठिबकवाल्या शेतकऱ्यांना विद्राव्य खते आकड्यांनी ओळखू येतात. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट, ०:५२:३४ म्हणजे पोटॅशियमचा फॉस्फेट क्षार. हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश किती ते सांगतात, आयन कोणता ते सांगत नाहीत. कॅल्शियम नायट्रेट आणि ०:०:५० एकाच टाकीत कालवले तर पाण्यात चार प्रकारचे आयन मोकळे फिरू लागतात. त्यातले कॅल्शियम आणि सल्फेट एकमेकांना गाठतात आणि जिप्सम तयार होते, जे फारसे विरघळत नाही. ०:५२:३४ घेतले तर कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका बसतो. दोन्ही खते फुकट जातात आणि ड्रीपर चोकअप होतात ते वेगळेच. १३:०:४५ मात्र कॅल्शियम नायट्रेटबरोबर चालते, कारण दोघांचाही ऋण आयन नायट्रेट आहे आणि नायट्रेटचे क्षार पाण्यात विरघळतात. म्हणून कॅल्शियमचे खत एका टाकीत आणि सल्फेट-फॉस्फेटची खते दुसऱ्या टाकीत ठेवतात. टाकी एकच असेल तर ती वेगवेगळ्या दिवशी सोडतात.