'संथ आहे' म्हणजे नक्की काय? शोकाच्या सिनेमावरच्या प्रतिक्रिया मोजताना



'पेट' पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना 'प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा अभ्यास' हे शीर्षक फार पटकन सुचतं. सोपं वाटतं ना! सिनेमा दाखवायचा, गूगल फॉर्म पाठवायचा, एक ते पाच गुण मागायचे, टक्केवारी काढायची, पाय चार्ट टाकायचा. मी संख्याशास्त्राची, त्यामुळे पाय चार्टशी माझं वाकडं आहेच, ते सोडा. पण प्रतिक्रिया ही मोजायला फार निसरडी गोष्ट आहे, आणि सिनेमा जर मरणाबद्दलचा, हळू चालणारा, फारसं न बोलणारा असेल तर आणखीच. म्हणून आज तसंच उदाहरण घेऊ.

रोहन परशुराम कानवडे यांचा 'सबर बोंडं'. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेला आणि तिथल्या जागतिक कथापट विभागात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे थिएटरात आला. गोष्ट दोन ओळींची आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या आनंदचे वडील जातात. दहा दिवसांचं सुतक पाळायला तो आईबरोबर गावी येतो. नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात, आणि लहानपणचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो. दोघांमध्ये प्रेम आहे. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी थांबलेला. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. कुणी टाहो फोडत नाही.

अशा सिनेमाबद्दल विचारलं की दहातले सहा-सात जण एकच शब्द वापरतील: 'संथ आहे'. (हा आकडा माझा अंदाज आहे. सिनॉप्सिसमध्ये असं लिहू नका.)

आता प्रश्न असा, की हा शब्द डेटा म्हणून कुठल्या रकान्यात टाकायचा? घाईत आपण तो 'नकारात्मक प्रतिक्रिया' मध्ये ढकलतो. पण मराठीत संथ हा शब्द एका बाजूचा नाही. पावसाळा सरल्यावर तापी संथ वाहते म्हटलं तर ती तक्रार नसते. बँकेतला कारकून संथ आहे म्हटलं तर असते. सिनेमाबद्दल बोलताना माणूस यातला कुठला संथ म्हणतोय हे फॉर्ममधल्या चौकटीला कळत नाही. ते आवाजावरून कळतं, किंवा पुढच्या वाक्यावरून. 'संथ आहे, पण...' आणि 'संथ आहे यार...' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. कुणी 'रटाळ' म्हणतं, कुणी 'रेंगाळतो' म्हणतं, कुणी नुसतं 'शांत' म्हणतं. माणसाने वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहून ठेवा, त्याचं भाषांतर करून 'स्लो' असं कोडिंग करू नका. एकदा 'स्लो' केलंत की मूळ शब्द परत मिळत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. 'सबर बोंडं' मध्ये दोन पुरुषांचं प्रेम आहे. काही प्रेक्षकांना ते बघताना अवघडल्यासारखं होतं. पण तुमच्यासमोर, वही-पेन घेऊन बसलेल्या रिसर्च स्कॉलरसमोर, ते तसं म्हणतीलच असं नाही. मग काय म्हणतील? 'जरा संथ वाटला.' इथे संथ हा शब्द सिनेमाचा वेग सांगत नाहीये, तो सभ्यपणे दार लावून घेतोय. उलटही होतं. एखाद्याला ते प्रेम फार जवळचं वाटलेलं असतं, पण वर्गातल्या पोरांसमोर ते कसं सांगणार, म्हणून तोही 'ठीक होता, संथ होता' वर थांबतो. एकाच उत्तरामागे दोन विरुद्ध माणसं. आपण ज्याला वेगाबद्दलचं मत समजतोय त्यात विषयाबद्दलचं मत मिसळलेलं असणं, यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. पुस्तकात आइस्क्रीम आणि बुडून मेलेल्या लोकांचं उदाहरण असतं, त्यापेक्षा हे बरं लक्षात राहील.

यावर उपाय काय? तुलनेसाठी दुसरा सिनेमा घ्या, ज्यात वेग आणि शोक तसाच आहे पण हा विषय नाही. मराठीत असा सिनेमा आहे: उमेश विनायक कुलकर्णींचा 'विहीर', २०१० साली प्रदर्शित झालेला. समीर आणि नचिकेत, दोन किशोरवयीन भाऊ, जिवलग. घरच्या लग्नासाठी सगळे गावी जमतात, आणि नचिकेत विहिरीत बुडून जातो. त्यानंतरचा सिनेमा म्हणजे समीरचं त्याला शोधत फिरणं. (कठोपनिषदातला नचिकेता मृत्यूलाच जाऊन प्रश्न विचारतो. नाव उगाच ठेवलेलं नाही.) कथा सांगायची म्हटली तर इतकीच, बाकी पाणी, उन्हं, माळरान. दोन्ही सिनेमांवर 'संथ' चं प्रमाण सारखंच आलं, तर वेगाबद्दल काहीतरी बोलता येईल. 'सबर बोंडं' वर बरंच जास्त आलं, तर त्या शब्दाखाली दुसरं काहीतरी आहे अशी शंका घ्यायला जागा आहे. शंकाच, सिद्धता नाही. दोन सिनेमांत फरक करणाऱ्या आणखी शंभर गोष्टी असतात: एकात मेलेला बाप आहे, दुसऱ्यात मुलगा.

आपल्या भागात काम करणाराला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. शोकाचा सिनेमा कसा असतो याची फूटपट्टी आपल्याकडे आधीपासून आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, त्यामुळे खान्देशात 'श्यामची आई' घरचीच. अत्र्यांनी १९५३ साली त्यावर सिनेमा काढला आणि १९५४ मध्ये त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्या सिनेमाबद्दल आजी-आजोबांना विचारा, उत्तर रुमालाच्या हिशोबात येतं. किती रडलो, कोण कोण रडलं. ज्या प्रेक्षकाची पट्टी 'किती रडू आलं' ही आहे, त्याला न रडवणारा सिनेमा कमी पडलाय असं वाटणारच. त्यामुळे 'तुम्हाला रडू आलं का?' हा एकच प्रश्न ठेवलात तर अशा सिनेमाला तुम्ही पेपर काढतानाच नापास केलंय.

दु:खद सिनेमे लोक पैसे देऊन का बघतात, यावर यूलियान हानिश आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा एक चांगला प्रयोग आहे. जवळचं माणूस गेल्याचं पात्राला कळतं, त्या क्षणाच्या छोट्या क्लिप्स त्यांनी लोकांना दाखवल्या. जितकं दु:ख जास्त, तितकी ती पाहायची ओढ जास्त, असं दिसलं. पण या दोघांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट होती: हेलावून जाणं. ती गणितात धरली की दु:ख आणि आवड यांचा थेट संबंध जवळजवळ उरत नाही. म्हणजे प्रश्नावलीत 'दु:ख झालं का' आणि 'हेलावलात का' हे वेगळे प्रश्न हवेत. आपल्या परंपरेला यात नवल वाटायचं कारण नाही, शोक हा भाव आणि करुण हा रस हे दोन वेगळे शब्द नाट्यशास्त्राने केव्हाच दिलेले आहेत.

आता आकड्यांकडे येते, कारण जास्त गडबड तिथे होते. समजा, चाळीस जणांना सिनेमा दाखवला आणि पाचपैकी गुण मागितले. १८ जणांनी १ दिला, १८ जणांनी ५ दिले, चौघांनी ३. बेरीज १२०, सरासरी ३. दुसऱ्या वर्गात चाळीसच्या चाळीस जणांनी ३ दिले, सरासरी ३. अहवालात दोन्हीकडे 'प्रतिसाद मध्यम' असं छापून येतं! पहिल्या वर्गात एकही 'मध्यम' वर्ग नाहीये, तिथे दोन टोकं आहेत. प्रमाण विचलन काढलं तर पहिल्यात १.९ च्या आसपास येतं, दुसऱ्यात शून्य. संथ आणि शोकाच्या सिनेमाला असं दोन टोकांचं वाटप मिळण्याची शक्यता बरीच असते. म्हणून आधी आलेख काढा, डोळ्यांनी बघा, मग सरासरीला हात लावा. आणि अर्ध्यात उठून गेलेल्यांनाही मोजा. शेवटपर्यंत बसले त्यांचाच फॉर्म भरून घेतलात, तर ज्यांना सहन झालं त्यांचंच मत तुमच्याकडे आहे. उठून गेलेला प्रत्येक जण कंटाळून गेला, असंही धरू नका.

मेंदूतज्ज्ञ उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक तुलना छापली होती. वेगवेगळे लोक एकच दृश्य बघताना त्यांच्या मेंदूतली हालचाल किती सारखी चालते, हे त्यांनी एफएमआरआयवर पाहिलं. हिचकॉकच्या टीव्ही मालिकेतल्या एका भागाला मेंदूच्या बाह्यस्तराच्या ६५ टक्के भागात साम्य दिसलं. सर्जिओ लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' ला ४५ टक्के. आणि न्यूयॉर्कच्या एका चौकात कॅमेरा नुसता ठेवून घेतलेल्या, न कापलेल्या चित्रीकरणाला ५ टक्क्यांहून कमी. घाईतला वाचक म्हणेल, बघा, थांबलेला कॅमेरा म्हणजे प्रेक्षक गेला. पण साम्य कमी म्हणजे लक्ष कमी, असं होत नाही. प्रत्येकाचं लक्ष वेगळ्या ठिकाणी असू शकतं. हा आकडा कलाकृतीचा दर्जा सांगत नाही हे संशोधकांनीही बजावलं आहे. हिचकॉक तुमची मान धरून दाखवतो. 'सबर बोंडं' सारखा सिनेमा तुम्हाला एका खोलीत बसवतो आणि मोकळं सोडतो. मग एक जण स्वतःच्या वडिलांपाशी जातो आणि दुसरा मोबाइलपाशी.

पहिला जण कुठे गेला हे तुम्हाला कळायला हवं असेल, तर प्रश्न बदलावा लागेल. 'सिनेमा कसा वाटला?' ऐवजी 'बघताना मनात काय काय येत होतं?' असं विचारून बघा. माझी एक मावशी धुळ्याला असते. काका गेल्यानंतर दोनेक वर्षांनी तिने 'विहीर' पाहिला. कसा वाटला म्हटल्यावर 'बरा आहे, लांबलाय थोडा' इतकंच बोलली. बघताना काय आठवलं म्हटल्यावर अर्धा तास बोलत होती, आणि त्यातलं सिनेमाबद्दलचं दोन मिनिटांचंसुद्धा नसेल. दारावर येणारे लोक काय बोलायचे, कोण नुसतं बसून राहायचं, गंधमुक्तीच्या दिवशी मांडव निघाला तेव्हा घर कसं वाटलं. खान्देशातल्या ज्या प्रेक्षकाने ते दहा-बारा दिवस घरात काढलेत, त्याला हळू जाणारा वेळ शिकवावा लागत नाही. दुपारी सतरंजीवर बसलेली माणसं, काही न बोलता दिलेला चहा, उगाच पुन्हापुन्हा बघितलेलं घड्याळ. पडद्यावरचा वेग त्याच्यासाठी संथ नसतो, ओळखीचा असतो. म्हणून प्रेक्षकाच्या माहितीत वय, शिक्षण, शहरी-ग्रामीण यांच्या जोडीला 'घरातलं सुतक कधी अनुभवलं का, कितव्या वर्षी' हा रकाना हवा. माझ्या मते तो बाकी तिन्हींपेक्षा जास्त बोलेल.

(जाता जाता एक विनंती. प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये क्यूब्लर-रॉस यांचे 'शोकाचे पाच टप्पे' चिकटवू नका. १९६९ चं ते पुस्तक स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यावर उभं आहे, मागे राहिलेल्यांवर नाही. स्ट्रोबे आणि शूट यांचं १९९९ चं मॉडेल वाचा: माणूस गमावलेल्याकडे आणि चालू आयुष्याकडे आळीपाळीने ये-जा करतो, असं ते सांगतं. आनंदचे दहा दिवस त्यात नीट बसतात.)

कधी विचारायचं, हाही डिझाइनचा भाग आहे. फ्रेडरिकसन आणि कानेमन यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की छोट्या क्लिप्सबद्दल नंतर मत देताना लोक क्लिप किती लांब होती हे जवळपास धरतच नाहीत. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यांवर मत ठरतं. दोन तासांच्या सिनेमाला हे तसंच्या तसं लावता येणार नाही. पण दिवे लागल्या लागल्या घेतलेलं मत आणि पंधरा दिवसांनी घेतलेलं मत वेगळं असू शकतं, एवढी धास्ती घ्यायला ते पुरेसं आहे. जमलं तर दोनदा विचारा. दुसऱ्या वेळी अर्धे लोक फोन उचलणार नाहीत. किती उचलत नाहीत तेही लिहा.

आणि मावशीसारखी माणसं तुमच्या नमुन्यात असणार असतील, तर संमतिपत्र साध्या मराठीत लिहा. सिनेमात मृत्यू आहे हे आधी सांगा, 'भावनिक आशय' असं गुळमुळीत नको. मध्येच थांबता येईल, उत्तर नाही दिलं तरी चालेल, हे तोंडी पण सांगा, कारण कागद कुणी वाचत नाही. ज्यांच्या घरी वर्षश्राद्धही झालेलं नाही त्यांना घ्यायचं की नाही, हे गाइडशी बोलून आणि एथिक्स कमिटीसमोर ठेवून ठरवा. मी असते तर घेतलं नसतं. माझ्यासमोर बसलेली बाई रडायला लागली, तर रेकॉर्डर बंद करायचा की चालू ठेवायचा, हे मला त्या क्षणी ठरवायला आवडलं नसतं. ते आधी प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा: बंद करायचा, पाणी द्यायचं, आणि पुन्हा सुरू करायचा की नाही हे तिने सांगायचं.