जुन्या मालमोटारीचा मागील आंस : थोड्या खर्चांत दुरुस्ती

निफाड, चांदवड, दिंडोरी या भागांतील कित्येक बागाईतदार आपला कांदा व भाजीपाला स्वतःच्या जुन्या मालमोटारींतून मुंबईस नेतात. अशा गाडीच्या मागील आंसांत बिघाड व्हावयाचाच. परंतु तो कसाऱ्याच्या घाटांत उघडकीस आला तर मालाबरोबर माणसाच्याही जिवाशीं गांठ पडते. तथापि आवाज आला कीं सबंध आंस बदलण्यास निघणें म्हणजे धाव सैल झाली म्हणून बैलगाडी मोडीत काढण्यासारखें आहे.

बैलगाडीचा आंस स्थिर राहून भार वाहतो व चाक त्यावर फिरतें. भारी मालमोटारींत हें भार वाहण्याचें काम बाहेरचें हाऊसिंग करतें. आंतील दांडा, ज्यास कारागीर 'एक्सल' म्हणतात, तो चाकास केवळ फिरवितो. म्हणून टोकाचे नट सोडून तो चाक न काढतां बाहेर ओढून पाहतां येतो. मात्र दांडा निघाला कीं गिअर गाडीस धरून ठेवीत नाहीं. यास्तव चाकांस आधीं दगड लावावे.

ब्रेकच्या ड्रमवर तेल दिसल्यास नवें सील घेण्यापूर्वीं हाऊसिंगवरील हवा सुटण्याचें छिद्र पाहावें. तें चिखलानें बुजलें म्हणजे आंतील तापलेली हवा तेलास सीलांतून बाहेर ढकलते. छिद्र तारेनें मोकळें करण्यास पैसा लागत नाहीं! तेलानें भिजलेले लायनर मात्र दोन्ही बाजूंचे बदलावे. येथें काटकसर नको.

चाक उचलून, खालीं भक्कम ओंडके देऊन हलवावें. खेळ लागला तर बहुधा बेअरिंग आवळून भागतें. बेअरिंगाची बैठकच झिजली असेल तर ती वेल्डिंगनें भरून लेथवर कातून घेतां येते; पण काम अनुभवी हाताचें असावें, कारण उष्णतेनें हाऊसिंग वांकतें. तडा असल्यास तें टाकूनच द्यावें.

दांड्याचे दांते पिळवटले असतील तर त्यास वेल्डिंग कदापि करूं नये. पोलादास दिलेलें पाणी उतरतें आणि दांडा भरल्या गाडींत तुटतो. टाटांनीं डेमलर-बेंझशीं १९५४ सालीं करार केल्यापासून त्यांच्या गाड्या सर्वत्र पसरल्या. त्यामुळें जुना पण शाबूत दांडा भंगारवाल्याकडे शोधल्यास सांपडतो. लांबी, जाडी व दांत्यांची संख्या जुळवूनच घ्यावा. क्राऊन व पिनियन हे मात्र जोडीनेंच बदलावे.

दुरुस्तीनंतर रिकामी गाडी सपाट रस्त्यावर, ब्रेक फारसा न लावतां, थोडी चालवावी व हबवर हात ठेवून पाहावा. चटका बसल्यास बेअरिंग फार आवळलें आहे. तें सैल केल्यावरच माल भरावा.