एक तार, तीन चाऱ्या

माजलगावच्या शिवारात उन्हाळी पाळीची वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कालवा म्हणजे काय हे सांगण्याचे प्रयोजन नाही. पैठणच्या नाथसागरातून निघालेला उजवा कालवा सिंदफणेवरील आपल्या जलाशयात पाणी आणून सोडतो, तेथून ते पुन्हा कालव्याने पुढे जाते, चाऱ्यांत विभागते आणि अखेर कोणाच्या तरी उसाच्या सरीत उतरते. परंतु या साऱ्या व्यवस्थेचे मर्म पाण्याच्या मुबलकतेपेक्षा, कोणते दार कोणासाठी उघडावे या बंदोबस्तात अधिक आहे. आजकाल अडत दुकानाच्या अथवा दवाखान्याच्या छताला जी पांढरी, ताटलीएवढी डबी चिकटलेली दिसते आणि जिला जाणकार ॲक्सेस पॉइंट म्हणतात, तिच्या बाबतीतही प्रश्न हाच आहे.

मोंढ्यातील एखादे अडत दुकान डोळ्यांसमोर आणावे. मुनीमजींच्या संगणकात शेतकऱ्यांचे हिशेब आहेत, वजनकाट्यावर कॅमेरा आहे, आणि कापसाची गाडी घेऊन आलेला पाहुणा बाकावर टेकताच प्रथम पाणी मागतो व त्यानंतर वायफायचा पासवर्ड. तिन्हींसाठी वायफाय एकच असेल, तर पाहुण्याचा मोबाइल, काट्यावरील कॅमेरा आणि हिशेबाचा संगणक हे एकाच माजघरात बसल्यासारखे असतात. कोणीही कोणालाही हाक मारू शकतो, आणि एखाद्या मोबाइलमध्ये दुष्ट प्रोग्राम शिरलेला असला तर खतावणीपर्यंत जाण्यास त्याला उंबरठाही आडवा येत नाही.

प्रत्येकासाठी निराळी तार ओढावी, निराळी डबी लावावी, हा उपाय सरळ असला तरी खर्चिक आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात अमेरिकेतील बेलकोअर या संस्थेत डेव्हिड सिंकॉस्की यांनी एकाच तारेवर अनेक निराळी जाळी चालवण्याची जी कल्पना मांडली, ती व्हीलॅन, म्हणजे आभासी लॅन, या नावाने रूढ झाली आणि १९९८ साली ८०२.१क्यू या मानकाने तिला सर्वमान्य रूप लाभले. कालव्यातील थेंबावर शेतकऱ्याचे नाव लिहिता येत नाही. तारेतून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्यावर मात्र शिक्का मारता येतो, आणि सारी युक्ती एवढ्यातच सामावलेली आहे. हा शिक्का चार बाइटांचा असतो. त्यातील बारा बिटे क्रमांकासाठी असल्यामुळे एकंदर ४,०९६ क्रमांक संभवतात, त्यांपैकी पहिला व शेवटचा राखीव ठेवून १ ते ४०९४ आपल्या हाती उरतात.

प्रत्यक्ष मांडणी करताना प्रथम राउटरवर तीन लॅन निर्माण करावेत: हिशेबासाठी क्रमांक १०, कॅमेऱ्यासाठी २० आणि पाहुण्यांसाठी ३०. त्यांचे पत्तेही त्याच ओळीने, १९२.१६८.१०.१, १९२.१६८.२०.१ आणि १९२.१६८.३०.१ असे द्यावेत, म्हणजे पत्ता पाहताच चारी ओळखू येते. येणाऱ्या यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, राउटरकडेच असावे. ॲक्सेस पॉइंटवरही तीच सोय चालू राहिली, तर एका सज्जाला दोन तलाठी नेमल्याप्रमाणे गोंधळ होतो. ॲक्सेस पॉइंटवर वायफायची तीन नावे तयार करून प्रत्येकास त्याचा क्रमांक जोडावा. पाहुण्याच्या मोबाइलला या शिक्क्याची गंधवार्ताही नसते. त्याची माहिती हवेतून डबीपर्यंत बिनशिक्क्याची येते आणि तारेत उतरताना तिच्यावर ३० हा क्रमांक उमटतो. मधला स्विच हे क्रमांक ओळखणारा हवा, आणि डबीला हात लावण्यापूर्वीच त्याच्या ज्या पोर्टला डबीची तार लागते तो ट्रंक म्हणून नेमून तिन्ही क्रमांकांना तेथे मुभा द्यावी.

एवढ्यावर पुष्कळजण हात झटकतात, आणि नेमके तेथेच फसतात. चाऱ्या वेगळ्या झाल्या तरी त्या सगळ्या राउटरपाशी एकत्र येतात, आणि त्याला निराळा हुकूम दिला नसेल तर तो पुष्कळदा एका चारीची माहिती दुसरीत बिनदिक्कत सोडतो. म्हणून पाहुण्यांना इंटरनेट खुले, परंतु १० व २० कडे जाण्यास मज्जाव, असा नियम फायरवॉलमध्ये स्वतंत्रपणे लिहावाच लागतो.

या विद्येची फी मीही भरली आहे. एका ठिकाणी स्विचला हात लावण्यापूर्वीच मी ॲक्सेस पॉइंटचा कारभार ज्यातून चालतो तो व्हीलॅन बदलला, जतनाचे बटण दाबले आणि त्याच क्षणी स्वतःच लावलेल्या कुलपाबाहेर उभा राहिलो. अखेर शिडीवर चढून, डबीच्या कडेच्या सुईएवढ्या छिद्रात कागदाची टाचणी घालून, तिचा दिवा लुकलुकेपर्यंत ती दाबून धरावी लागली, आणि दुपारभराचे काम मूळपदावर आले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी राउटर, मग स्विच आणि सर्वांत शेवटी छतावरची डबी.

कोणत्या क्रमांकाला कोणता पत्ता, कोणत्या पोर्टला कोणती तार आणि कोणाला कोठे मज्जाव, हे एका वहीत शाईने लिहून ती वही दुकानातच ठेवावी. मांडणी करून देणारा मनुष्य उद्या गाव सोडून जाईल. वही गल्ल्यापाशी राहील.